दिगूच्या उंचीची सीट

डोळा लागतोय असं वाटतं तोच उजवा पाय आपला आपण हलायला लागतो. टाच वर, चवडा खाली. मी दचकून जागी होते, कूस बदलते, पुन्हा डोळे मिटते, की हा पुन्हा सुरू. जन्मभर पायमशीन चालवल्यावर पायाला तरी दुसरं काय सुचणार? रोज दुपारी ह्या वेळेला मी मशीनवर असते. आज मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत चटई टाकून पडले आहे, पंख्याकडे बघते आहे आणि मनातल्या मनात आबांवर चिडते आहे.

आज खंडेनवमी. सकाळीच पूजा झाली. मशीनला हार घातला, कात्र्या पाटावर मांडल्या, त्यांच्या शेजारी टेप, पट्टी आणि मार्किंगचा निळा खडू. सगळ्यांना हळदकुंकू, प्रत्येकावर एकेक झेंडूचं फूल. आता उद्या दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत ह्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हा आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा नियम. एक दिवस हत्यारांनी विश्रांती घ्यायची. हत्यारं घेतात, माझं काय? आबा गेल्यावर त्यांचे बाकीचे सगळे नियम आम्ही भावंडांनी एकेक करून मोडले, हा तेवढा कसा कोण जाणे राहिला. सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकांचे ब्लाउज कपाटात पडून आहेत आणि ‘हिरवे टेलर्स’ची मालकीण इथे तंगड्या हलवत पडली आहे.

यंदा पूजेत एक सायकलही आहे. कटिंगच्या टेबलाला टेकून उभी आहे, हँडलला हार, पुढच्या चाकाला कुंकू. गिअरची, बारीक टायरची, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मी तिला रेसची सायकल म्हणायचे. "रोड बाईक म्हण आक्का, रेसची काय," असं दिगू म्हणायचा. दिगू म्हणजे दिगंबर, माझा धाकटा भाऊ. सायकल त्याची. तो दोन वर्षांपूर्वी गेला.

लोकांना वाटतं सायकलवरून पडून गेला. "एवढ्या जोरात घाट उतरायचा, कधीतरी होणारच होतं," असं मला तोंडावर म्हणणारेही भेटले. त्यांना काय सांगायचं? दिगू सायकलवर गेला नाही. सकाळी आरशासमोर दाढी करत होता, एक गाल झाला होता, उभ्या उभ्या खाली बसला आणि संपलं. दर रविवारी कासपर्यंत जाऊन येणारा माणूस, बेसिनपाशी गेला.

मग त्याच्या बायकोने, वर्षाने, घर आवरलं आणि ती माहेरी कऱ्हाडला गेली. जाताना सायकल कुणाला तरी देऊन टाकली. गॅलरीत ती रोज डोळ्यांसमोर होती तिच्या, मी आज तिला बोल लावत नाही. पण कळलं त्या दिवशी मी फोन आपटला होता.

ह्या श्रावणात मी फोनवर जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत होते, मला पिकोचं मशीन हवं होतं. मध्येच एका वापरलेल्या सायकलचा फोटो आला. मी तो पुढे सरकवलासुद्धा. मग पुन्हा मागे आले. सीटखाली एक चिमुकली पिशवी लटकत होती, जुन्या रेनकोटाच्या कापडाची, कडेने पिवळी टीप. पंक्चरचं सामान ठेवायला मीच शिवून दिलेली. आपली टीप आपल्याला ओळखू येते, त्याला फोटो मोठा करून बघावा लागत नाही. तरी मी बघितला.

विकणारे कोरेगावचे एक मास्तर निघाले. "सायकल झकास आहे बाई," ते म्हणाले, "फक्त सीट खाली होत नाही. मला पाय पुरत नाहीत, म्हणून काढतोय." कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला रडवणारी मी, मास्तरांनी सांगितलं तेवढं देऊन मोकळी झाले आणि टेम्पोच्या मागे सायकलला धरून बसून साताऱ्याला आले. रस्ताभर एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. टेम्पोवाल्याला वाटलं डोळ्यांत धूळ जाते आहे, त्याने बिचाऱ्याने गाडी हळू घेतली.

मग मी आणि राजवाड्यामागचा सायकलवाला इंगवले, आम्ही दोघं तिच्या मागे लागलो. चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती, ती डिझेलमध्ये भिजत घातली. ब्रेकचे गट्टू वाळून दगड झालेले, टायरला भेगा, चाक फिरवलं की आतून दळण दळल्यासारखा आवाज. छर्रे बदलले, टायर बदलले, वाकडं चाक इंगवलेने तारा आवळून सरळ केलं. हँडलवरची पट्टी मात्र मी त्याला गुंडाळू दिली नाही. पायपिंग लावणाऱ्या हाताला ते काय अवघड? एकही सुरकुती नाही. इंगवले म्हणाला, "ताई, दुकान बदलता का?"

अडलं ते सीटपाशी. सीट एका साध्या सरळ नळीवर क्लॅम्पने आवळलेली असते, आणि ती नळी फ्रेममध्ये उतरते. ही नळी फ्रेममध्ये अशी बसली होती की हलायला तयार नाही. तेल सोडलं, गरम केलं, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून दोघांनी फ्रेम पिळली. ढिम्म. नळीच्या तोंडाशी पांढरी बुकणी साठली होती. इंगवलेने ती नखाने खरवडली. "घाम आहे हा," तो म्हणाला. "लॉकडाऊनमध्ये तुमचे भाऊ घरातच स्टँडवर चालवायचे ना? सगळा इथं गळला बघा. मिठानं धरलंय."

त्याचा उपाय सरळ होता. नळी फ्रेमच्या तोंडाशी कापायची, आत राहिलेला भाग पात्याने चिरत चिरत तुकड्यांनी बाहेर काढायचा, नवी नळी घालायची. परवा तो हॅक्सॉ घेऊन आलाही. त्याने पातं टेकवलं मात्र, मी मध्ये हात घातला. "आज नको. नवमी होऊ दे." तो म्हणाला, "नवमी परवा आहे ताई." मी म्हटलं, "मग परवा होऊ दे."

खरी गोष्ट अशी की मला ही सायकल चालवायची आहे. फार चालवायची आहे. इतकी वर्षं पाय मारले आणि मशीन जागचं हललं नाही, आता ह्या वयात यवतेश्वरचा घाट चढून बघायचा आहे. फ्रेमही मला बरोबर आहे. दिगूने ती मुळात जुनीच घेतली होती, सांगलीच्या एका रेसवाल्याकडून, आणि त्याला ती लहान होती. म्हणून तर नळी हातभर वर काढलेली. ती खाली आली की झालं. आणि तीच मला हलवायची नाही. दिगूचे कपडे वाटले, बूट दिले, चष्मा कुठे गेला माहीत नाही. पण तो जिथे बसायचा ती जागा अजून आहे, जमिनीपासून बरोबर तेवढ्या उंचीवर. ती कापली की त्याच्या मापाचं जगात काही उरत नाही. नाही कापली तर सायकल टेबलाला टेकूनच राहणार आणि मी दर नवमीला तिला हार घालणार, फोटोला घालतात तसा.

उद्या इंगवले पुन्हा येतो आहे. "दसऱ्याचं पहिलं काम तुमचं," असं सांगून गेला आहे. मला ठरवता येत नाही. पाय हलतो आहे. पंखा फिरतो आहे. टाच वर, चवडा खाली. मशीनचा आवाज येतो, खड खड खड, आणि मला वाटतं, चला, निदान काम तरी होतंय. मग वाटतं, मी तर चटईवर आहे.

मशीनवर दिगू बसला आहे.

हार तसाच आहे मशीनला. त्याचे गुडघे वर पोचतात, नेहमी पोचायचे. पाय पट्टीवर जोरात चालले आहेत, सुईखाली कापड नाही. एका गालाला साबणाचा फेस आहे, दुसरा गाल गुळगुळीत.

"नवमीला मशीन चालवतात होय रे?" मी म्हणते. आधी हेच तोंडून निघतं.

"शिवतोय कुठं? पाय हलवतोय नुसता."

"थांबव."

"थांबत न्हाईत गं आक्का. तुझे थांबतात का?"

मी माझ्या पायाकडे बघते. तो हलतोच आहे. मला हसू येतं. मी उठते, पदराने त्याचा गाल पुसायला जाते. दोन वर्षं मला तो फेस पुसायचा होता. त्या दिवशी मी पोचेपर्यंत कुणीतरी पुसला होता.

पदर पुढे करते तर गाल पुढे निघून गेलेला आहे. वारा लागतो. कटिंगचं टेबल आहे, पण ते लांबच लांब आहे आणि त्याच्या पलीकडे खाली सातारा दिसतो, किल्ला, तळी, पत्र्याची छपरं. टेबलाला पांढरा-काळा रंग दिलेला आहे, घाटातल्या कठड्याला देतात तसा. दिगू सायकलवर आहे आणि मी चपला घालून शेजारून धावते आहे. चढ आहे, तरी त्याला दम लागत नाही, मलाच लागतो.

"अरे हळू! थांब ना जरा."

"थांबू कसा? पाय टेकत न्हाई."

"सीटवरनं पुढं सरकून उतरायचं. मला काय सांगतोस, तूच सांगितलं होतंस."

"सरकता येत न्हाई. बसलोय तिथं बसलोय." तो मान वळवून माझ्याकडे बघतो. फेसाचा गाल माझ्या बाजूला आहे. "दोन वर्षं झाली, आक्का. लघवीलासुद्धा उतरलो न्हाई."

"काहीतरीच बोलतोस!"

"मग बघ की."

मी बघते. त्याचे पाय फिरतात, फिरतात, पेडलला चिकटल्यासारखे. वळण येतं, तेच वळण पुन्हा येतं. झाडाखाली मक्याची कणसं भाजणारी बाई बसलेली असते, तीही पुन्हा येते, तिच्या शेगडीवर कणसांच्या जागी आमची कोळशाची इस्त्री आहे. मी धावते आहे आणि मला त्याचा राग येतो आहे, खूप राग, तो गेला त्याचा, तो थांबत नाही त्याचा.

"मग कुणी बसवून ठेवलंय तुला तिथं?" मी ओरडते.

तो उत्तर देत नाही. उत्तर न देण्याची त्याची जुनी खोड. आई विचारायची, पेढे कुणी खाल्ले, तेव्हाही असाच गप्प बसायचा, माझ्याकडे बघत. तेव्हा पेढे मी खाल्लेले असायचे.

"इंगवले पातं घेऊन आला होता," तो म्हणतो. "चांगलं टेकवलं होतं त्यानं."

माझ्या पायातली चप्पल तुटते. मी वाकते, आणि वाकते तेव्हा खाली फरशी आहे. दिगू-वर्षाच्या गॅलरीतली, पिवळी, बारीक नक्षीची. फरशी ओली आहे. दिगू स्टँडवर बसवलेल्या सायकलवर आहे, चाक जागच्या जागी गरगरतं आहे, बाहेर रस्त्यावर कुणी नाही, दुकानं बंद, सगळ्यांच्या गॅलऱ्यांत माणसं उभी आहेत आणि कुणी काही बोलत नाही. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकतो. थेंब नळीवर पडतो, नळीवरून खाली सरकतो, फ्रेमच्या तोंडाशी जातो आणि आत उतरतो. पुन्हा दुसरा थेंब.

मी जुन्या परकराचा तुकडा घेऊन पुसायला लागते. जेवढं पुसते तेवढं ओलं होतं.

"हे तेव्हा पुसायचं होतं," तो म्हणतो. "वर्षा रोज सांगायची. फडकं टाक म्हणून. मी म्हणायचो, घामानं काय होतंय?"

"आता कळलं ना काय होतंय ते?"

"कळलं की."

"मी नाही कापू देणार," मी म्हणते. फडकं पिळते, खारट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं. "तुला काय वाटायचं ते वाटू दे. सगळं गेलं, दिगू. तुझी उंचीसुद्धा गेली तर मी तुला ठेवू कुठं?"

हे मी कधी कुणाला बोललेले नाही. बोलते आणि रडायला लागते, तोंड वाकडं करून, लहानपणी रडायचे तशी. चाक फिरत राहतं. तो हात लांब करतो, पण सीटवरून त्याचा हात माझ्या डोक्यापर्यंत येत नाही. तो पुन्हा लांब करतो. येत नाही.

"बघ, पोचत न्हाई," तो म्हणतो. त्याचा आवाज बदललेला आहे. "म्हणून म्हणतोय, उतरू दे."

मला डोळे उघडे ठेवायचे आहेत, पण पाणी फार आहे. पुसते आणि बघते तर गुडघे टेकून बसलेली मी दुकानात आहे. आबांच्या वेळचं दुकान, भिंतीला निळा चुना, दाराशी लाकडी स्टूल. स्टुलावर दिगू उभा आहे. चौथी-पाचवीतला आहे, हाफ बाह्यांचा शर्ट आहे, आणि अर्ध्या गालाला फेस आहे. अंगात आबांची करडी पँट, पायाखाली लोळते आहे, दोन्ही हातांनी कमरेशी गोळा करून धरली आहे. माझ्या तोंडात टाचण्या आहेत.

"हलू नकोस," मी दातांतून म्हणते.

"हलत न्हाई. पाय हलतोय."

"मारीन एक."

"आक्का, ही पँट आबांची आहे ना?"

"होती. आता तुझी."

"मग सगळी उसवणार?"

"उसवायची कशाला?" मी म्हणते. टाचण्या तोंडात असूनही स्पष्ट बोलते. "कापड चांगलं आहे, शिवण आबांच्या हातची आहे. जास्तीचं आहे तेवढं कापायचं, दुमडायचं. बाकी राहतं तसं राहू द्यायचं."

तो पँट धरून तसाच उभा. माझ्याकडे बघत गप्प. पेढ्यांच्या वेळी बसायचा तसा.

मी एकेक टाचणी तोंडातून काढते. सगळ्या काढून होईपर्यंत मला कळलेलं असतं मी काय बोलले ते. पहिल्यांदा शिवलेली पँट माझी तीच, त्याच पँटीवर मी शिकले. इतक्या जणांचे कपडे मी आखूड केले, कुणाचा एक कपडा सगळा उसवला नाही. आणि ह्या नळीपाशी मला आठवायला नको?

"आता तू उभी राहा," दिगू म्हणतो. तो मोठा झालेला आहे. पाटाशी वाकला आहे आणि टेप आणि खडू उचलतो आहे.

"अरे, पूजेतलं आहे! आज हात लावायचा नाही!"

"मला कसली नवमी?"

"आबा ओरडतील."

"आबा झोपलेत," तो म्हणतो, आणि आत आबा झोपलेले आहेत हे मला पटतं, त्यांचं घोरणं ऐकू येतं. "सरळ उभी राहा. पोक काढू नको. माप चुकतं."

हे माझंच वाक्य. दिवसातून दहादा मी ते कुणा ना कुणाला म्हणते. मला मात्र आजपर्यंत कुणी म्हटलेलं नाही. गावाची मापं मी घेतली, माझं कुणी घेतलं नाही, स्वतःचे ब्लाउजसुद्धा मी जुन्यावरून बेतते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहते. दिगू खाली बसतो, टेपचं टोक माझ्या टाचेशी धरतो. टेप उलटी धरली आहे. सांगावंसं वाटतं, पण मी सांगत नाही.

"बुटकी आहेस," तो म्हणतो.

"तू ताडमाड होतास. मी बरोबर आहे."

तो उठून सायकलपाशी जातो. टेप नळीला लावतो, जीभ दातात धरतो, आणि खडूने रेघ मारतो. खडू नळीवरून घसरतो, तो पुन्हा मारतो.

"इथं," तो म्हणतो. "सीट काढायची, हितनं वरचं कापायचं, आणि सीट पुन्हा बसवायची."

"आणि खालचं? आत अडकलंय ते?"

"ते कशाला काढतीस? ते घट्ट हाय. मी खालनं धरलंय." तो नळीच्या तोंडावरच्या पांढऱ्या बुकणीवर अंगठा ठेवतो. "पडणार न्हाईस."

मग तो सायकलवर टांग टाकून बसतो. मला वाटतं, झालं, पुन्हा निघाला. मी हँडल धरायला पुढे होते. पण तो थोडा पुढे सरकतो, एक पाय पेडलवरून काढतो आणि खाली टेकवतो. त्याच्या सायकलच्या बुटाला खाली कडक पत्री असायची, तिचा फरशीवर आवाज होतो, टक. मग दुसरा पाय, टक. तो उभा आहे. माझ्यासमोर, जमिनीवर. मला मान वर करून बघावं लागतं.

मी पदर वर नेते. आता गाल जागचा हलत नाही. पण तोच माझा हात धरतो आणि बाजूला करतो.

"राहू दे. अर्धी राहिलीय," तो म्हणतो. "करून घेतो."

"दिगू."

"काय?"

मला विचारायचं असतं, दुखलं का रे, एकदम? विचारायचं असतं, मला हाक मारली होतीस का? तोंडातून येतं, "पाणी गरम आहे का?"

"आहे," तो म्हणतो.

टक, टक, टक, तो मागे मोरीकडे जातो. नळ सुरू होतो. वस्तरा पाण्यात हलवल्याचा आवाज येतो, मग थांबतो, मग पुन्हा येतो. मी ऐकत राहते. आबांचं घोरणं बंद होतं. पाण्याचा आवाज पंख्याच्या आवाजात मिसळतो, आणि मला पंखा दिसतो.

उन्हं उतरली आहेत. मी चटईवर आहे, पाठ घामाने भिजली आहे, गालावर चटईची नक्षी उठली आहे. जरा वेळ मी तशीच पडून राहते. काहीतरी वेगळं वाटतं, काय ते कळत नाही. मग कळतं. उजवा पाय गप्प आहे.

उठून बसते, आणि दारातून समोर दुकानात सायकल. हँडलला हार आहे. सीट तिथेच, वर, दिगूच्या उंचीवर. आणि तिच्या खाली, वितीपेक्षा थोड्या कमी अंतरावर, नळीवर निळी रेघ आहे.

मी हात लावत नाही. आधी पाटाकडे जाऊन बघते. टेप गुंडाळलेली, जशी मी ठेवली होती तशी. खडूवर हळद, कुंकू, आणि त्यावर झेंडूचं फूल, देठ माझ्याच बाजूला. काही हललेलं नाही. माझी बोटं बघते, नखं बघते. निळं काही नाही. मग सायकलशी जाऊन उभी राहते, कमरेपाशी हात धरून अंदाज घेते. टेप नको मला त्यासाठी. रेघ बरोबर आहे. सीट तिथे आली तर माझा पाय पेडलला पुरेल, गुडघा जरासा वाकलेला राहील, राहायला हवा तेवढाच.

इंगवलेला फोन लावते.

"इंगवले, नळी मुळातून काढायची नाही. सीट उतरवायची, वरनं जास्तीचं कापायचं, आणि त्याच नळीवर सीट खाली बसवायची. आत अडकलंय ते तसंच राहू द्यायचं."

 मागे त्याच्या घरातला टीव्ही चालू आहे. "होईल की. सरळ नळी आहे, क्लॅम्प बसेल. पण ताई, मग ती सीट पुन्हा कधी वर व्हायची न्हाई. कायमची तेवढीच."

"मग? मी काय आता वाढणार आहे?"

तो हसतो. "बरं. खूण करून ठेवा कुठं कापायचं ते."

"केलेली आहे," मी म्हणते. "आणि हॅक्सॉ तुम्ही आणा, कापणार मी."

फोन ठेवून मी दिवा लावते आणि रेघ पुन्हा बघते, जवळून. मघाशी लक्षात आलं नव्हतं. रेघ वाकडी आहे. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला वर गेलेली, मध्ये एकदा घसरून पुन्हा मारलेली. खडू हातात धरायचा कसा हे ज्याला माहीत नाही त्याने मारावी तशी. मी झोपेत उठून मारली म्हणावं, तर माझा हात झोपेतसुद्धा अशी रेघ मारणार नाही. ह्या दुकानात इतकी वाकडी रेघ एकच माणूस मारायचा, आणि आबा त्याला खडू देत नसत.

उद्या इंगवले येईल, चष्मा वर करून बघेल आणि म्हणेल, ताई, ही तिरपी गेलीय, आधी सरळ करून घेऊ. मी म्हणणार आहे, हात लावायचा नाही.